प्रवेशक्षमता साठ

आधी इथं नुसतं पीठ होतं,
विद्या मागाहून आली,
असं वडापवाला म्हणाला
पहिल्या दिवशी मला ढालगावच्या अलीकडं उतरवताना.
खोटं नव्हतं.
बंद पडलेल्या रोलर मिलच्या भिंतीवर
'पीठ' जुन्या तैलरंगात होतं,
डावीकडं 'विद्या' ताजी, निळी, जराशी वर चढलेली.
माळावरचं वारं सुटलं
की छताच्या पत्र्यातनं अजून भुरभुर यायची
फळ्यावर, डबा उघडला की डब्यात.

कोर्स एकोणतीस.
माहितीपत्रकाची प्रुफं मीच तपासली होती
(त्याचे वेगळे दोनशे, अजून यायचेत).
ड्रोन, फॉरेन्सिक, हॉटेल, योग,
विमानतळ व्यवस्थापन, जिथनं दिसतात फक्त पवनचक्क्या,
आणि तेराव्या पानावर अगदी तळाला
बी. व्होक., बेदाणा प्रक्रिया व विपणन.
प्रवेशक्षमता साठ.
प्रवेश एक.

ताहिरा मुल्ला, सावळज.
मी तिचं नाव पुकारायचो
आणि बोट पुढच्या ओळीवर जायचं, कोऱ्या.
ती 'हजर सर' म्हणायची उभं राहून.
चाळीस बाकांत तिसऱ्या रांगेत बसायची,
पहिल्या रांगेत बसणं तिला आगाऊपणा वाटे.

मी तासिका तत्त्वावर. तासाला चारशे.
विद्यार्थी साठ असोत की एक,
तास तेवढाच असतो, हे बरं.
फळ्यावर लिहायचो :
पोटॅशियम कार्बोनेट, लिटरला पंचवीस ग्रॅम,
डिपिंग ऑइल पंधरा मिली.
ती उतरवून घ्यायची, मग म्हणायची,
पंचवीसच घालतात सर आमच्याकडं बी,
पण त्यात दिवसभर हात घातला
की भाकरी थापता येत नाही आठ दिवस.
हे कुठल्या युनिटमध्ये लिहू?

मला युनिट सापडलं नाही.

मार्चात समिती आली.
कुलसचिवांनी ड्रोनची सोळा पोरं
आणि योगाच्या सात मुली आमच्या वर्गात आणून बसवल्या.
ताहिरा पहिल्यांदा गर्दीत बसली,
पहिल्यांदाच मला ती पटकन दिसली नाही.
समितीतल्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं,
बेदाणा तयार झाला हे कसं ओळखाल?
योगाच्या मुलींनी माना खाली घातल्या.
आर्द्रता पंधरा टक्के, मी मनात म्हणालो,
पाठ केलंय तिनं, सांगेल.

ती उठली. मूठ वळली हवेतच.
मूठभर घ्यायचं मॅडम, आवळायचं, सोडायचं.
सुटं झालं तर काढायचं रॅकवरनं.
गोळा राहिला तर दोन दिवस थांबायचं.
पाऊस येणार असला तर
थांबायचं का काढायचं ते मालक ठरवतो,
मुठीला कोण विचारत नाही.

बाई हसल्या, छान म्हणाल्या.
अहवालात लिहिलं :
आर्द्रतामापक यंत्र उपलब्ध नाही.

जूनमध्ये तेरावं पान नवं आलं.
तळाची ओळ गेली,
तिच्या जागी डेटा सायन्स, क्षमता एकशे वीस.
ताहिराला सांगितलं, क्रेडिट तिकडं वळवता येतील.
ती म्हणाली, वळवा की,
आणि दाखला कधी मिळेल ते विचारलं.
दाखल्यासाठी दुसरा हप्ता भरायचा होता.
तो तिनं भरला, एका सीझनच्या मजुरीतनं,
पावतीची घडी घालून पदराआड ठेवली.
मी पेन शोधत राहिलो.

परवा सांगलीला गेलो होतो, विश्रामबागला.
सिग्नलजवळ मोठा फ्लेक्स आहे आमचा.
पांढरा कोट, सूक्ष्मदर्शक, त्याला लावलेला डोळा
ताहिराचा.
खाली लिहिलंय, डेटा सायन्स, प्रवेश सुरू.
त्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिवशी काय होतं
ते मला आठवतं : काहीच नव्हतं,
काच मिळाली नव्हती.
तरी ती सांगत होती, सर, दिसतंय काहीतरी,
आणि फोटोवाला म्हणत होता, हलू नका.